जुना वाडा, सोलापूरचं ऊन आणि वीजबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च निम्मा सरला की उत्तर कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठ, टिळक चौक या भागांतून फोन आणि मेसेज सुरू होतात. वाडा पणजोबांच्या वेळचा आहे, उन्हाळ्यात आत बसवत नाही, बिल वाढत चाललंय, काय करावं? जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करताना सतत कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे वाचायची गरज नाही, तुम्हाला लागू पडतील तेवढे वाचा. फक्त छताला किंवा दर्शनी भागाला हात लावणार असाल, तर प्रश्न २ आणि ४ वाचल्याशिवाय गवंडी बोलावू नका.

१. आजी सांगायची की वाडा उन्हाळ्यात गार असायचा. मग आता का तापतो?

वाडा तोच आहे, आपण त्यात केलेले बदल त्याला तापवतात. दोन-अडीच फूट जाडीची दगड-मातीची भिंत दिवसभर ऊन खाते, पण ती धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. रात्री दारं-खिडक्या, चौक आणि माळवदातलं (म्हणजे मातीच्या सपाट छतातलं) सवणं, म्हणजे उजेड-हवेसाठी ठेवलेलं भोक, यांतून गरम हवा निघून जाते, भिंती निवतात आणि सकाळी घर पुन्हा नव्या दिवसाला तयार होतं. सोलापूरची हवा कोरडी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला तरी पहाटे बऱ्यापैकी उतरतो. जुन्या गवंड्यांनी नेमका हाच उतार वापरला होता.

आता सवणं बुजलेलं असतं, चौकावर फायबर असतं, माळवदाच्या जागी पत्रा असतो आणि रात्री डासांमुळे खिडक्या बंद असतात. दिवसाची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. त्यामुळे माझा आग्रह नेहमी हाच असतो की आधी घराचा श्वास मोकळा करा, मशीन त्यानंतर घ्या.

२. आमचं घर ‘हेरिटेज’ आहे की नुसतं जुनं? परवानगी कुठे मागायची?

घर जुनं असलं म्हणजे आपोआप संरक्षित होत नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, घर वारसा यादीत आहे का. यादीतल्या इमारतींना श्रेणी १, २ किंवा ३ दिलेली असते. श्रेणी १ मध्ये बदलाला जवळजवळ वाव नसतो, खाली येत जाल तसा आतल्या बदलांना थोडा वाव मिळतो. हे महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी, घर एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ आहे का. सोलापुरात हा प्रश्न मुख्यतः भुईकोट किल्ल्याभोवती येतो, त्याचं सविस्तर उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

तिसरी, यातलं काहीच नसेल तर नेहमीचे बांधकाम नियम लागू होतात. शहरातले बहुतेक वाडे या तिसऱ्या गटात मोडतात. म्हणजे कायदा तुम्हाला अडवणार नाही, पण वाड्याला सांभाळणारही नाही. ती जबाबदारी सर्वस्वी तुमची, म्हणून पुढची उत्तरं मी संरक्षित आणि असंरक्षित दोन्ही घरांना एकाच काळजीने दिली आहेत.

३. हातात पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करू?

आधी छताची गळती आणि वाळवी. मग जुनं वायरिंग, कारण कापडी आवरणाच्या तारांवर नवीन कूलर-एसी चढवणं म्हणजे सागवानी घरात आगीला आमंत्रण. त्यानंतर सवणं, चौक आणि खिडक्यांची वाट मोकळी करणं. मग पश्चिमेच्या उन्हाला आडोसा. मग पंखे. एसी आणि सोलर सगळ्यात शेवटी. लोक बहुतेक वेळा हा क्रम उलटा धरतात आणि गळक्या छताखाली पाच स्टारचा एसी बसवतात.

४. माळवद काढून पत्रा किंवा स्लॅब टाकू का? सगळे तेच सांगतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर घाईने देण्यासारखं नाही.

माळवदाची रचना आधी समजून घ्या. खाली तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर लाकडी चिपांचं किलचण, त्यावर लिंबाचा पाला आणि वर मातीचा जाड थर, शेवटचा हात पांढऱ्या मातीचा. हा मातीचा थरच उन्हाला अडवतो. पत्र्याच्या अंगात काहीच नसतं. दुपारी त्याला हात लावता येत नाही आणि त्याची सगळी धग सरळ डोक्यावर उतरते. उघडा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापतो आणि रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. माळवद काढलं की एसीची गरज नव्याने जन्माला येते, हे काढण्याआधी कुणी सांगत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दर पावसाळ्याआधी नवा थर टाकण्याची पद्धत असल्याने पिढ्यान्‌पिढ्या थर साचत जातात. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतं, दोन फुटांचं हजार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या धास्तीने आपल्या जिल्ह्यातही पुष्कळांनी माळवदं उतरवली. त्यांची भीती मुळीच खोटी नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळया तपासून घ्या, विशेषतः भिंतीत शिरलेली टोकं. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. तुळया ठणठणीत असतील तर साचलेले वरचे थर उतरवून माती आठ-दहा इंचांवर आणा, ढाळ नीट करा. वजन निम्म्याहून कमी होतं आणि गारवा फारसा जात नाही. तुळया गेल्या असतील तर त्या बदला, माळवदाला दोष देऊ नका.

गळतीने अगदी जेरीस आला असाल तर माळवद तसंच ठेवून वर दीड-दोन फुटांच्या अंतरावर पत्र्याचं हलकं छप्पर उभारता येतं. चारी बाजू मोकळ्या ठेवायच्या. पत्रा पाऊस आणि ऊन झेलतो, मधून वारा वाहतो आणि माळवद सावलीत राहतं. वादळी वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून त्याचा सांगाडा खालच्या मजबूत भागाशी बांधलेला असावा. संरक्षित घर असेल तर रस्त्यावरून दिसणाऱ्या छपराला परवानगी लागेल.

५. मग माळवदावर वॉटरप्रूफिंग किंवा पांढरा ‘कूल रूफ’ रंग मारला तर?

मातीवर नको. माती उन्हात आकसते, पावसात फुगते. वरचा रबरी थर तिच्यासोबत हलत नाही, चिरतो. चिरेतून आत गेलेलं पाणी मग वर सुकू शकत नाही, खाली किलचणात उतरतं. दोन-तीन पावसाळ्यांत वाळवीचं राज्य.

पाऊस लागण्याआधी उगवलेलं गवत मुळासकट काढा, पन्हळी साफ करा, खड्डे भरून पांढरी माती चोपून घ्या. काम साधं आहे, पण दरवर्षी करावं लागतं. जाणकार गडी मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. ज्यांच्या शेजारी अजून कुणी म्हातारा कारागीर असेल, त्यांनी त्याच्या हाताखाली घरातल्या एखाद्या पोराला उभं करावं.

मागच्या बाजूला नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या असतील तर तिथे मात्र पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी जरूर करा. कमी खर्चात चटकन फरक जाणवणारा हा उपाय आहे.

६. सवण्यावर शहाबादी फरशी ठेवून ते बंद केलंय. उघडायचं का?

हो. आणि फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर फरशी सरकवण्याआधी आणि नंतर खोलीच्या मधोमध उदबत्ती लावून बघा. बंद सवण्याखाली धूर छताशी जाऊन पसरतो, तुळयांमध्ये रेंगाळतो आणि हळूहळू खाली यायला लागतो. फरशी सरकवली की तोच धूर एका रेषेत वर ओढला जातो. छताखाली कोंडलेली गरम हवा त्याच वाटेने जाते.

पावसासाठी सवण्याभोवती विटांचा सहा-आठ इंच उंच काठ बांधा आणि त्यावर जाड टफन काच अशी बसवा की काठ आणि काच यांच्यात चारी बाजूंनी हवा जायला फट राहील. फटीला बारीक जाळी लावा, म्हणजे पाली आणि पाखरं आत येणार नाहीत. दिवसा उजेड मिळतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला दिवाही बंद राहतो. भर उन्हाळ्यात काचेवर तट्ट्या किंवा गोणपाट टाका.

७. चौकावर फायबरचे पत्रे टाकून जागा वाढवली. आता तिथेच जास्त उकडतं.

फायबर ऊन आत येऊ देतं, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. चौक हे घराचं धुराडं आहे, त्याचं तोंड बंद झालं की चारही सोपे (चौकाभोवतीच्या पडव्या) गरम होतात. पत्रे काढता येत असतील तर काढा. पावसामुळे काढणं शक्य नसेल तर छप्पर छताच्या पातळीपासून दोन-तीन फूट वर घ्या आणि बाजू उघड्या ठेवा. उन्हाळ्यापुरती शेतीची हिरवी शेडनेट ताणली आणि रात्री सरकवली तर सगळ्यात स्वस्तात काम होतं. संध्याकाळी फरशीवर सडा मारायची जुनी सवयही मोडू नका, पाणी असेल त्या दिवशी.

८. भिंतींना खालून ओल चढते, म्हणून सिमेंटचा गिलावा केला. आता ओल आणखी वर आली. आणि याचा विजेशी काय संबंध?

संबंध थेट आहे. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर आत आणते, आणि खोलीतली हवा दमट झाली की कूलरचा उपयोग अर्ध्यावर येतो.

मातीत रचलेली भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं ओढते आणि अंगावरून वाळवते. तीन फुटांपर्यंत सिमेंट थापलं की वाळायची जागा झाकली जाते. पाणी थांबत नाही, ते सिमेंटच्या वर चढून चौथ्या फुटावर बाहेर पडतं. तिथे पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. बोटाच्या पेराने सिमेंट वाजवून पाहा, बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज येईल. मागची माती सुटलेली असते.

सिमेंट हलक्या हाताने काढा, भिंतीला पूर्ण एक ऋतू वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा आणि वर चुन्याचाच हात द्या. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावला तर सगळी मेहनत वाया. हे काम मेमध्ये करू नका. चुना सावकाश पिकावा लागतो आणि आपल्या उन्हात तो एका दुपारीत सुकून तडकतो. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य. आधी जोत्याजवळचं पाणी मात्र बंद करा. तिथे गळका नळ, तुंबलेली मोरी किंवा कूलरची टपकणारी पाइप असेल तर गिलावा कितीही चांगला केला तरी ओल परत येईल.

९. इंटरनेटवर वाचलं की भिंतींना आतून थर्माकोल किंवा पॅनेल लावलं की घर ‘इन्सुलेट’ होतं. आम्ही करावं का?

तो सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी असतो. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याकडे रात्री निवलेली जाड भिंत दिवसा खोलीतली उष्णता शोषून घेते. तिच्यावर आतून थर्माकोल चढवलं की तिचा हा फायदा हातचा जातो, शिवाय ओल आणि वाळवी मागे दडून राहते. फॉल्स सीलिंगबद्दलही हेच म्हणेन. तुळयांची तब्येत डोळ्यांसमोर असली पाहिजे.

१०. लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावू?

नको. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्ध्याहून जास्त उघडत नाही आणि काचेतून ऊन सरळ आत येतं. जुनी झडप बंद केली की लाकूड ऊन अडवतं, उघडली की पूर्ण उघडते. खिट्ट्या, बिजागऱ्या, कुजलेला खालचा दांडा एवढं सुतार कमी पैशांत नीट करतो. डासांसाठी आतून वेगळी जाळीची चौकट लावा, म्हणजे रात्री बिनधास्त उघड्या ठेवता येतील. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा सोडा. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून घरात आलेली असते.

उघडायच्या कधी, हेही खूप जण विचारतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास बंद, सूर्य मावळून बाहेरची हवा निवली की उघड्या.

११. कूलर घ्यावा की एसी?

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने वीज फार थोडी खातो. अडचण पाण्याची आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या पेठेत दिवसभर कूलर चालवणं सोपं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. म्हणून कूलर दुपारच्या तीन-चार तासांपुरता लावा, रात्री खिडक्या आणि पंखे यांच्यावर भागवा.

कूलरला समोरची खिडकी किंवा सवणं उघडं लागतं. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. लाकडी चौकटीत थेट बसवू नका, लोखंडी स्टँडवर बाहेर ठेवा. नाहीतर चौकट दोन उन्हाळ्यांत कुजते. पावसाळ्यात कूलरचा काही उपयोग नाही.

१२. घरात आजारी वडील आहेत, एसी लागणारच. वाड्याला धक्का न लावता कसा बसवू?

लागणार असेल तर जरूर बसवा. माणसाच्या जिवापुढे वाड्याचा हट्ट नको. एकच खोली निवडा, शक्यतो मधली, लहान आणि बाहेरची भिंत कमी असलेली. त्या खोलीपुरतं सवणं झाकणाने बंद करा, दाराखालच्या आणि किलचणातल्या मोठ्या फटी बुजवा. इन्व्हर्टर एसी घ्या आणि तापमान २६ वर ठेवून पंखा सोबत चालवा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्यानुसार दर एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते.

बाहेरचं युनिट घडीव दगडाच्या दर्शनी भिंतीवर नको आणि चौकातही नको. चौकात ठेवलं तर ते फेकत असलेली गरम हवा पुन्हा घरातच फिरते. परसात जमिनीवर चौथरा करून ठेवा. पाइपसाठी दगड फोडू नका, खिडकीच्या वरच्या झरोक्यातून न्या. एसीचं पाणी जोत्याशी न सोडता बादलीत घ्या, झाडांना होतं.

१३. नुसते पंखे आणि दिवे बदलून बिलात काही फरक पडतो का?

चांगलाच पडतो. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १८ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २४ युनिट वाचतात, चार पंख्यांचे मिळून शंभराच्या जवळ. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलतात, त्यामुळे टप्पा खाली आला तर फायदा युनिटांपेक्षाही जास्त दिसतो. पंख्यासाठी तुळईला भोक पाडू नका, तिला कवळणारी लोखंडी पट्टी लोहाराकडून करून घ्या.

१४. सूर्यघर योजनेत सोलर बसवायचं आहे. माळवदावर चालेल का?

थेट माळवदावर नाही. पॅनेलचं वजन फार नसतं, खरी अडचण वाऱ्याची. सांगाडा उडू नये म्हणून तो खोल बोल्टने धरावा लागतो, आणि मातीत बोल्ट धरत नाही. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ठेवले तर आधीच जड असलेल्या छतावर आणखी ओझं, शिवाय पाण्याचा ढाळ अडतो. मागच्या बाजूचा न्हाणीघराचा किंवा नवीन खोल्यांचा स्लॅब वापरा, नाहीतर परसात जमिनीपासून खांब घेऊन स्वतंत्र सांगाडा उभारा. खाली सावलीही मिळते. असा सांगाडा योजनेत बसतो का, ते महावितरणकडून आधी लेखी घ्या.

१ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. अर्ज करताना चालू दर पाहून घ्या. शेजारी तीन-चार मजली इमारत उठली असेल तर सकाळ-दुपार सावली कुठे पडते ते आधी पाहा. वाटण्या न झालेल्या वाड्यात छतावर सगळ्या भावकीचा हक्क असतो, त्यामुळे संमतिपत्र आधी आणि ठेकेदार नंतर.

१५. घर भुईकोट किल्ल्याजवळ आहे. दुरुस्तीही करता येत नाही असं शेजारी म्हणतात. खरं का?

पूर्ण खरं नाही. किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम, वाढीव मजला किंवा आडवी वाढ होत नाही. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जुना वाडा बहुतेक या तारखेच्या आधीचाच असतो. जुना सिटी सर्व्हे उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनी वीजबिलं पुरावा म्हणून जपा.

अंतर किल्ल्याच्या दरवाजापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात. माळवदावरचं वेगळं छप्पर किंवा सोलरचा सांगाडा ही ‘वाढ’ ठरू शकते, म्हणून कामाआधी लेखी विचारा. विनापरवाना बांधकामाला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंखे बदलणं, झडपा दुरुस्त करणं, चिकाचे पडदे लावणं यांना मात्र कुणी अडवत नाही, आणि निम्मा फरक तिथेच पडतो.

१६. महापालिकेने ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस लावली आहे. आता वीज वाचवण्यावर खर्च करावा का?

थांबा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस असेल तर पहिला खर्च स्ट्रक्चरल ऑडिटचा. पुष्कळदा सगळा वाडा धोकादायक नसतो, एखादी फुगलेली भिंत किंवा एक खण गेलेला असतो. ऑडिटमध्ये तसं नोंदवून घेतलं तर तेवढाच भाग उतरवून बाकीचा वाचवायचा प्रस्ताव महापालिकेपुढे ठेवता येतो. अहवाल हातात येईपर्यंत त्या भागात कुणाला झोपू देऊ नका. ऊन-बिलाचा विचार त्यानंतर.

१७. आम्ही वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू आहोत. मालक छताला हात लावत नाही. आम्ही काय करू शकतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम आहे. लेखी नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर तुम्ही ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांचं भाडं इतकं कमी असतं की त्यात माळवदाची एक पन्हळसुद्धा होणार नाही. म्हणून मालकाशी बोलताना दुरुस्तीचा खर्च सगळ्या भाडेकरूंनी मिळून उचलायची तयारी दाखवा, आणि त्याने हक्क बदलत नाही असं दोन्ही बाजूंनी कागदावर लिहून घ्या. पंखे, जाळ्या, पडदे अशा काढून नेता येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा. भिंत किंवा लाकूड तोडावं लागेल असं काम मालकाच्या लेखी संमतीशिवाय करू नका.